गुळाचा खडा

वसुबारसेला आमच्या गंगी गाईपुढे मी गुळाचा खडा धरला. तिनं तो हुंगला आणि तोंड फिरवलं. पावसाळ्यात जंतांची कडू गोळी मी गुळात दडवून तिला चारली होती, तेव्हापासून हे असंच चाललंय.

“आता कितीही गोंजारा, गूळ खायची नाही ती,” बायको म्हणाली.

जिभेला औषध-बिषध कळत नाही, फसवणूक तेवढी लक्षात राहते. लहानपणी आई मला चहातून एरंडेल द्यायची, माझ्या भल्यासाठीच. आज आई नाही, पण चहाचा कप मी अजूनही आधी हुंगतो. आईवर राग मात्र कधी धरला नाही.

गंगीनं खरखरीत जिभेनं माझं मनगट कितीतरी वेळ चाटलं. गूळ तळहातावर तसाच राहिला.