चराकडेच्या दोन ओळी

आमच्या मळ्याच्या खालच्या अंगाला दहा गुंठे क्षारपड रान आहे. वर्षानुवर्षं उसाला पाणी सोडून सोडून आम्हीच ते बिघडवलं. उन्हाळ्यात त्यावर पांढरा थर येतो. धाकटा भाऊ तिथं मासळीचं तळं काढायला निघाला होता. मी एक हंगाम मागून घेतला. कापूस खारटपणा बऱ्यापैकी सोसतो, असं मी वाचलं होतं आणि घरात सगळ्यांना ऐकवलंही होतं.

कोवळ्या रोपाला मात्र तो सोसत नाही, हे त्याच पानावर खाली होतं. तिथवर मी वाचलं नव्हतं.

चारशे ठिकाणी बी टोकलं. एकशे अडतीस उगवलं. तसं वहीत लिहिलं. पुढं पावसानं ओढ दिली आणि रोपं दुपारी माना टाकू लागली, पानांच्या कडा करपल्या. आम्ही ऊसवाले. पान सुकलं की मोटर सुरू करायची, एवढंच आमचं शास्त्र. विहिरीचं पाणी मचूळ, तरी दर चौथ्या दिवशी देत राहिलो. वहीत शेरा मारला : ‘पाणी पुरेसे.’

बायकोचं माहेर माणदेशातलं. ती बांधावरून म्हणाली, “आवं, तुमचा पाय चिखलात रुततोय, आन् झाडाला तहान कशी?”

“पान सुकलंय, दिसत न्हाई व्हय?”

“खारट पाण्यानं तहान भागती का? घोटभर पिऊन बघा की तुमी.”

मी प्यालो नाही. पाणी तिसऱ्या दिवसावर आणलं.

दसऱ्यानंतर भाऊ बघायला आला, तेव्हा एकतीस झाडं उरली होती. त्यातली सव्वीस चराच्या कडेच्या दोन ओळींत. तिथलं पाणी चरात निचरायचं, आणि माझा पाइप तिथवर पोचत नव्हता. झाडं बुटकी, पानं लहान आणि जाड, पण बोंडं धरलेली. वहीत त्यांच्यापुढं माझ्याच अक्षरात होतं : ‘पाणी नाही. आशा नाही.’

भावानं आधी वही वाचली, मग बोंडं चाचपली.

“तळं ऱ्हाऊ दे दादा. आणखी दोन चर मारू.”

माझा जीव भांड्यात पडला. मग त्यानं मोटरच्या पेटीची किल्ली मागितली आणि माझ्यासमोर बायकोच्या हातात दिली.

“वहिनी, दादानं मागितली तरी देऊ नका.”

यंदा मी आतापर्यंत नऊ वेळा मागितली आहे. दोनदा मिळाली.