मेन स्विचला हळद-कुंकू

‘मॅडमचा प्रयोग फसला,’ असं आमच्या विभागप्रमुखांनी स्टाफरूममध्ये चहा पिता पिता जाहीर केलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. तरी ते आठवलं की माझं डोकं तापतं. प्रयोग फसला नव्हता. तो त्यांनी स्वतःच्या हाताने बंद केला होता.

रोह्याच्या कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवत होते आणि पीएच.डी.साठी विद्यापीठात नाव नोंदवलं होतं. विषय चुंबकीय स्फटिकांचा. लोकांना वाटतं संशोधन म्हणजे फळ्यावरची समीकरणं. माझं संशोधन म्हणजे एक भट्टी होती. तिच्यात रसायनं वितळवायची आणि मग तासाला एखाददुसऱ्या अंशाने, आठवडेच्या आठवडे, थंड करत आणायची. तेव्हा कुठे तळाशी नखाएवढा एक अखंड स्फटिक धरतो. घाई झाली की नुसता चुरा. तो स्फटिक घेऊन दिवाळीनंतर मला मुंबईच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत मोजमापं घ्यायला जायचं होतं. तिथली तारीख सहजासहजी मिळत नाही, आणि माझी पीएच.डी. त्या तारखेवर अडली होती.

मध्येच वीज गेली तर काय, म्हणून जनरेटरसाठी मी प्राचार्यांकडे इतक्या खेपा घातल्या की त्यांच्या दारातला शिपाई मला बघून हसायला लागला. जनरेटर मिळाला. भट्टीवर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला, ‘चालू आहे, बंद करू नये.’ मग खंडेनवमी-दसऱ्याची सुट्टी म्हणून गावाजवळच्या वरसेतल्या माझ्या भाड्याच्या खोलीला कुलूप लावून मी पेणला आईकडे गेले.

परत आले तर भट्टी गार. तिच्यावर झेंडूचा हार, आणि हाराखाली झाकला गेलेला माझा कागद. सरांनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, खंडेनवमीला विभागातल्या झाडून सगळ्या यंत्रांची पूजा केली होती. पुजलेलं हत्यार त्या दिवशी वापरत नाहीत, म्हणून मेन स्विचच पाडला होता. मग जनरेटर तरी बिचारा काय करणार? भट्टीतलं भांडं फोडून पाहिलं, आत तडे गेलेले बारीक खडे.

“सर, कागद वाचला नाहीत?” मी विचारलं.

“मॅडम, वर्षभर राबतात ती यंत्रं. एक दिवस विश्रांती नको त्यांना? उद्या परत लावा.”

उद्या परत लावा म्हणे. जशी काही ती विहिरीवरची मोटर होती. पूजेला माझी ना नव्हती. आमच्या खाडीकडच्या घरीही कोयता, विळी, फावडं धुऊन पुजतात. पण म्हणून त्या दिवशी कुणी चुलीत पाणी ओतत नाही. एवढी साधी गोष्ट ज्यांना कळत नव्हती, ते मुलांना उष्णतेचे नियम शिकवत होते आणि माझ्या कामावर शेरे मारत होते. विद्यापीठाला पाठवलेल्या अहवालात त्यांनी माझी प्रगती ‘असमाधानकारक’ म्हणून लिहिली. चोर तो चोर, वर शिरजोर.

आईला सांगितलं, तर तिने त्यांचीच बाजू घेतली. “देवाचा काम हाय गो. मोठ्या मानसाशी नको भांडू.” मला तिचाही राग आला.

मुंबईची पुढची तारीख वर्षानंतरची मिळाली. पुन्हा भट्टी लावली, आणि पुन्हा खंडेनवमी मध्ये आली. या वेळी मी पेणला गेले नाही. कागदही लावला नाही. सर यायच्या आधी कॉलेजात पोचले, मेन स्विच पुसला, त्याला हळद-कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, झेंडूचं फूल ठेवलं आणि उदबत्ती लावली.

सर आले. सगळ्या यंत्रांना हार घातले, नारळ फोडला आणि सवयीने मेन स्विचकडे हात नेला.

“सर, त्याची पूजा झाली हाय,” शिपाई म्हणाला. “आज हात नाय लावायचा त्याला.”

सरांचा हात जागीच थांबला. त्यांनी स्विचला नमस्कार केला आणि प्रसाद वाटायला निघून गेले.

तो स्फटिक चांगला धरला. मी तो मुंबईला नेला, मोजमापं झाली, पीएच.डी.ही झाली. सत्कारात सरांनीच शाल घातली. पण मी शिकून-सवरून, स्वच्छ मराठीत लिहिलेल्या कागदाला जे जमलं नाही ते चिमूटभर कुंकवाने करून दाखवलं, याचा राग मात्र अजून गेलेला नाही.