अनुभव तुझा, विचार आमचा

माझ्या हातातली चिठ्ठी सरांनी दोन बोटांत धरून परत काढून घेतली.

मी ती नुकतीच उघडली होती. आर्वीचं आमचं कॉलेज, बी. ए. फायनलचा समाजशास्त्राचा वर्ग. सर बाकांमधून स्टीलचा डबा फिरवत होते आणि डब्यात घडी घातलेल्या चिठ्ठ्या होत्या. एकेका चिठ्ठीवर एकेक माणूस. भाजीवाली, तलाठी, सफाई कामगार, देवळातला पुजारी. जो निघेल त्याच्या जागी उभं राहून लिहायचं, आणि शिकवलेला सिद्धांत त्यात वापरायचा. गाइडमधलं पाठ करून पेपरात ओकण्यापेक्षा हे बरं, असं सर म्हणायचे. मलाही ते मनापासून पटायचं. माझ्या चिठ्ठीवर होतं, 'महाविद्यालयातील प्राध्यापक'. वाचून मला हसू आलं. म्हटलं, आता मजा आहे.

सरांनी चिठ्ठी वाचली, माझ्याकडं पाहिलं आणि ती काढून घेतली. सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "तू ही नको घेऊस. तुझ्याकडे स्वतःचं आहे. बाकीच्यांना कल्पना करावी लागेल, तुला कशाला? तू तुझंच लिही."

चिठ्ठी परत डब्यात गेली. डबा पुढं गेला. सगळा वर्ग माझ्याकडं वळून पाहत होता.

'माझं' म्हणजे काय, ते मी सरांना कधीच सांगितलं नव्हतं. आडनावानं सांगितलं होतं. आमचं आडनाव वर्गात आधी शिरतं, आम्ही मागून. मी "हो सर" म्हणाले आणि खाली बसले. खरं सांगते, तेव्हा अपमान झाला असं वाटलंच नाही. उलट सरांनी मला वेगळं काढलं याचं बरं वाटलं. वेगळं काढणं म्हणजे काय, हे आमच्या घरात मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

सर वाईट माणूस नव्हते. हे मी त्यांच्या बचावासाठी सांगत नाही. वाईट माणूस ओळखू येतो, त्याच्यापासून चार हात लांब राहता येतं. सर खादीचा कुर्ता घालायचे, मुलींशी अदबीनं बोलायचे, पुढच्या बाकावर आम्हाला बसवायचे. घरी वडील मुख्याध्यापक, आजोबा वकील. जातीवर शिकवताना त्यांचा आवाज जड व्हायचा. त्या जड आवाजावर मी भाळले होते.

संध्याकाळी बसस्टँडवर पल्लवी भेटली. ती रोहण्याची, शेतीवाडीच्या घरातली, माझी बऱ्यापैकी मैत्रीण. तिला 'सफाई कामगार' निघाला होता. ती माझ्या जवळ सरकून बसली आणि हळूच म्हणाली, "मले सांग ना वं, तुमच्याकडं कसं असते? म्हणजे मले लिवता येईन."

मी तिच्याकडं पाहतच राहिले. आमच्या घरात कोणी कधी सफाईचं काम केलेलं नाही. बाबा एसटीच्या आगारात मेकॅनिक. आई तळेगावात घरीच ब्लाऊज शिवते. आमच्याकडं फ्रिज आहे, आणि बाबा सुटीच्या दिवशी बौद्धपुऱ्यातल्या पोरांना कॅरममध्ये हरवतात. मी पल्लवीला म्हटलं, "मले काय मालूम? माये बाबा एसटी दुरुस्त करते." तिला ते उत्तर कमीच पडलं. मी काहीतरी लपवतेय असं तिच्या तोंडावर दिसलं.

तिथं पहिल्यांदा माझ्या मनात पाल चुकचुकली. पल्लवी सफाई कामगार व्हायला मोकळी. मागच्या बाकावरचा व्यापाऱ्याचा पोरगा भाजीवाली व्हायला मोकळा. मी तेवढी प्राध्यापक व्हायला मोकळी नाही. म्हणजे मला कल्पना नाही, असं सरांचं मत. की कल्पना असू नये, असं?

पण मी लिहिलं. मन लावून लिहिलं. आईच्या शिलाईवर लिहिलं.

आमच्याकडं गावातल्या मोठ्या घरच्या बाया ब्लाऊज टाकायला येतात. आईच्या हाताला सफाई आहे, दुसऱ्या शिंप्याकडं त्यांचं भागत नाही. येतात, खुर्चीवर बसतात, आई त्यांच्या छातीला, दंडाला, पाठीला मोजपट्टी लावते. हात वर करा म्हटलं की हात वर करतात. पोटातलं बोलतात. सुनेचं, सासूचं, नवऱ्याचं. आई आधी त्यांच्यासमोर पाण्याचा पेला ठेवते. पेला तसाच राहतो. आताच चहा घेऊन निघाली मी बाई, म्हणतात. उन्हाळ्यात घामानं निथळत आलेलीसुद्धा हेच म्हणते. त्या गेल्या की आई ते पाणी मोगऱ्याच्या कुंडीत ओतते आणि पुढच्या बाईसाठी पुन्हा पेला भरून ठेवते. कधी चुकत नाही.

हे लिहून मी थांबले नव्हते. सरांनी तेव्हा रंगमंचाचा सिद्धांत शिकवला होता. माणूस समाजात वावरतो तो जणू मंचावर. समोर एक सोंग, पडद्यामागं दुसरं. मी विचारलं होतं, आमच्या घरातल्या त्या खोलीत समोरचा मंच कोणता आणि मागचा कोणता? ती बाई तिच्या वाड्यात जे बोलत नाही ते आमच्या खोलीत बोलते, म्हणजे आमचं घर तिचा पडद्यामागचा भाग झालं. पण पाण्याशी आलं की ती झटकन मंचावर चढते. स्पर्शाचा नियम सगळीकडं सारखा चालत नाही, सोयीनं चालतो. मोजपट्टी चालते, पेला चालत नाही. आणि आई पेला का ठेवत राहते? ती काही भोळी नाही. ती रोज त्या बाईला खोटं बोलायला लावते. तो तिचा डाव आहे, असं मी लिहिलं होतं.

हे सुचलं तेव्हा मी खोलीत एकटीच हसले होते. इतका आनंद मला कोणत्या पेपरात झाला नव्हता.

वही परत आली. आईच्या वर्णनाला शाबासकी होती. त्याखालच्या माझ्या सगळ्या विचारावर लाल पेनाची आडवी रेघ. समासात लिहिलं होतं, 'विश्लेषण नको. ते आपण वर्गात करू. तू फक्त अनुभव दे.' आणि शेवटी, 'दाह कमी आहे. भूक, अपमान यांवर अधिक लिही. दडपू नकोस.'

मी भूक कुठून आणू? मी कधी उपाशी राहिले नाही. आईबाबांनी राहू दिलं नाही. ते उपाशीपण त्यांच्या हाडांतून गेलं, माझ्यापर्यंत पोचू नये म्हणूनच गेलं. आणि सरांना तेच हवं होतं. माझ्या घरातला फ्रिज त्यांना खुपत होता.

पुढच्या आठवड्यात सर मंचावर उभे राहून म्हणाले, माझं एक निरीक्षण आहे, लिहून घ्या. स्पर्शाचा नियम सोयीनं चालतो. मोजपट्टी चालते, पेला चालत नाही.

सगळा वर्ग लिहून घेत होता. पल्लवीही लिहीत होती. मी सरांकडं पाहत राहिले. वाटलं, आता म्हणतील, हे हिनं लिहिलंय. नाही म्हणाले. त्यांची नजर माझ्यावरून गेली आणि पुढं गेली, जरासुद्धा अडखळली नाही. ते मला सर्वात झोंबलं. चोरी करताना माणूस निदान इकडंतिकडं बघतो. त्यांना ती चोरी वाटलीच नव्हती. घर आमचं, पाणी आमचं, आई आमची. विचार मात्र आपोआप त्यांचा.

मग कॉलेज तपासायला बाहेरून समिती येणार असं ठरलं. आमच्या विभागाचा देखावा म्हणजे हा चिठ्ठ्यांचा उपक्रम. मी माझा अनुभव वाचायचा, त्यावर सर सिद्धांत सांगणार, असा बेत होता. सरांनी मला विभागाच्या खोलीत बोलावून तालीम घेतली. इथं थोडं थांब, म्हणाले. पाण्याच्या ठिकाणी आवाज भरून आला तरी हरकत नाही. आणि त्या दिवशी साधेच कपडे घालून ये.

मी मान हलवली. वर्ध्याला एम. ए. करायचं तर फर्स्ट क्लास हवा होता, आणि अंतर्गत गुण सरांच्या पेनात होते. हे त्यांनाही माहीत होतं, मलाही. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. तसं बोलायची त्यांना कधी गरजच पडली नसेल.

आई त्या दिवसासाठी माझा नवा ड्रेस शिवत होती. जांभळा, गळ्याला पांढरी पायपिंग. मी तिला म्हटलं, सर साधं घालून ये म्हणतात. तिनं मशीन थांबवलं. दोरा दातानं तोडला.

"काऊन? नव्या कपड्यात तुयं दुःख दिसत नाई का त्याले?"

एवढंच म्हणाली आणि परत मशीन सुरू केलं. माझी आई सातवी शिकलेली. तिला मी त्या लाल रेघेबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. पण त्या घरात रोज कोण काय पिऊन जातं आणि काय न पिता जातं हे बघण्यात तिची हयात गेली आहे.

मी जांभळा ड्रेस घालून गेले. सरांच्या कपाळाला आठी पडली, पण समिती समोर बसली होती, म्हणून हसले. दोन पुरुष, एक बाई. सरांनी माझी ओळख करून दिली. अत्यंत खडतर परिस्थितीतून आलेली, म्हणाले. एसटीत पगारदार असलेल्या माझ्या बाबांना त्यांनी एका वाक्यात भिकेला लावलं.

मी उभी राहिले. मी आईचं वाचलं नाही. जी चिठ्ठी माझ्याकडून काढून घेतली होती, तिच्यातल्या प्राध्यापकाच्या जागी उभं राहून मी घरी लिहून काढलं होतं, ते वाचलं.

"मी समाजशास्त्राचा प्राध्यापक आहे. मला जात दिसते, ती नेहमी दुसऱ्याच्या घरात. मी मुलांना सांगतो, दुसऱ्याच्या जागी उभे राहा. माझ्या जागी मात्र कोणी उभं राहिलेलं मला चालत नाही. एक मुलगी उभी राहायला निघाली होती, मी तिची चिठ्ठी काढून घेतली. ती जगते, मी विचार करतो. ही वाटणी माझ्या आधीपासून आहे. मी फक्त तिला नवीन नाव दिलं. मी तिला उपक्रम म्हणतो."

सर मध्येच उठले. "हे ते नाही. तुझा अनुभव वाच."

इतके दिवस मी सरांशी शुद्ध बोलायचे. तोंड सांभाळून, घरचं एकही अक्षर न सांडता. त्या दिवशी ते सुटलं.

"सर, हाच माया अनुभव हाय. तुमच्या वर्गातला."

मी राहिलेलं पान पूर्ण वाचलं आणि खाली बसले. मग टाळ्या वाजल्या, समितीतल्या बाईंनी सुरुवात केली. जाताना त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. किती धीट, म्हणाल्या. तुमच्यातल्या मुली आता छान बोलायला लागल्यात.

तुमच्यातल्या. मी त्या टाळ्या तिथंच सोडून बाहेर आले.

सर मला एका शब्दानं रागावले नाहीत. अंतर्गत गुण आले ते काठावरचे. फर्स्ट क्लास हुकला. पल्लवीला तिच्या सफाई कामगारावर वर्गात सर्वात जास्त मिळाले. वर्ध्याची जागा त्या वर्षी गेली. बाबा नुसते कॅरमची सोंगटी बोटानं फिरवत बसले. आई म्हणाली, पुढच्या साली भरजो फॉर्म. मी वर्षभर तिच्यासोबत ब्लाऊज शिवले, आणि पुढच्या साली फॉर्म भरला, शेवटच्या यादीत नाव लागलं.

आता मी पवनारला भाड्यानं राहते आणि वर्ध्याच्या एका कॉलेजात तासिकेवर समाजशास्त्र शिकवते. मीही लिहायलाच देते. गाइडवर माझाही विश्वास नाही. पण मला अजून कोणाचा चांगुलपणा चटकन पचत नाही. कोणी जड आवाजात आमच्याबद्दल बोलायला लागलं की मी त्याच्या हाताकडं बघते. हा संशय रोग आहे असं मला सहकारी सांगतात. असेल. ह्या रोगानं मला जागं ठेवलंय. मागं एक मुलगी विचारत आली, मॅडम, आमच्या वस्तीचं लिहू का, मार्क बरे पडतात म्हणे. मी म्हटलं, वस्तीचं लिही नाहीतर चंद्राचं लिही. पण त्यावर तुला काय वाटतं ते लिहिल्याशिवाय मी वही घेणार नाही.

परवा सरांचा फोन आला. आता निवृत्त झालेत. अध्यापनातल्या प्रयोगांवर पुस्तक करतायत. आवाज तसाच. मला बेटा म्हणाले. आईच्या शिलाईचा तो मजकूर त्यांना एका प्रकरणात हवा आहे. नाव पाहिजे तर बदलू, म्हणाले, तुला त्रास नको. विश्लेषण माझं लिहून झालंय. तुझा फक्त होकार हवा.

मी म्हटलं, "नाही सर."

सर म्हणाले, "तू फार बदललीस."

"नाई सर. मी तवाबी हेच लिवलं होतं. तुमीच त्याच्यावर रेघ मारली."

मी फोन ठेवला आणि लिहायला बसले. ते प्रकरण मी लिहिणार आहे. आईच्या नावानं, माझ्या नावानं, मोजपट्टीसकट, पेल्यासकट, आणि त्यावर मला जे वाटतं त्या सगळ्यासकट. छापायच्या आधी ते कोणाच्याही हातात तपासायला देणार नाही. सरांच्या नाही, आणि सरांसारख्या कोणा भल्या माणसाच्या तर नाहीच नाही.