बाईंचं कार्ड

आधी माझी तक्रार, नमस्कार मागाहून. संस्थेच्या दवाखान्यातल्या पेटीत तान्ह्या पोरापासून काठी टेकणाऱ्यापर्यंत सगळ्या वाडीची तपासणीची कार्डं आहेत, फक्त आमच्या डॉक्टर शकुंतलाबाईंचं नाही. त्यांच्या गौरव अंकाच्या समितीने शाल निवडली, फोटो निवडला, मला चौथी नापास म्हातारीला लिहायला बसवलं. पण एवढं एकाच्याही ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

आता सर्वांना नमस्कार. मी हौसाबाई. दर मंगळवारी दवाखान्यात नावं पुकारते.

बाईंची पहिली ओळख भांडणातच झाली. त्या मिरजेहून वाडीत आल्या, शाळेच्या व्हरांड्यात तपासायला बसल्या आणि नाव घेतलं, "सुरेखा!" ती माझी सून, आठव्या महिन्यातली. ओ मीच दिली. "बरी हाय ती. पोटुशीचं पाय सुजत्यातच. आमी काय बाळंतपणं केली न्हाईत व्हय?"

बाई म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला नाही विचारलं. ज्याचं नाव, त्यानंच ओ द्यायची."

तेव्हा सुरेखा माझ्या मागून बोलली, "आठ दिस झालं, डोळ्यापुढं अंधारी येतीया."

एका चुलीवरचं खाणारी मी, मला पत्ता नव्हता! बाईंनी रक्तदाब मोजला आणि उभ्या उभ्या तिला जीपमध्ये घालून मिरजेला नेलं. सून वाचली, नात वाचली. ती नात आता कॉलेजला जाते आणि मलाच उलट बोलते. परत आल्यावर बाईंनी मला बोल लावला नाही, कामाला लावलं. "तुमचा आवाज नदीपलीकडे जातो. भांडणात कशाला घालवता?"

त्यांचा नियम सगळ्यांना सारखा. सरपंचांनी एकदा वेळ नाही म्हणून ड्रायव्हर पाठवला. बाई म्हणाल्या, "सरपंचांचा रक्तदाब ड्रायव्हरच्या दंडात सापडत नाही." सरपंच आले आणि रांगेत एका रडक्या बाळामागे बसले. रसूलचाचांना ऐकू येत नाही, तर बाई खुर्ची सोडून त्यांच्यापुढे उभ्या राहतात, ओठ बघून ते मान हलवतील तोवर.

बाईंना पंचाहत्तरावं लागलं. लेखासाठी जन्मतारीख हवी म्हणून मी रेश्मा सिस्टरला म्हटलं, "बाईंचं कार्ड काढ गं."

तिने पेटी दोनदा उपसली. "आजी, कार्डच न्हाई. कवा केलंच न्हाई."

इतकी वर्षं मी नावं पुकारली, त्यांचं एकदाही नाही! तेवढ्यात बाई आल्या. म्हणाल्या, "मला काय झालंय? मी बरी आहे."

सुरेखासाठी मी हेच बोलले होते.

"आवं, बसा खाली," म्हणून मी दंड धरला. रेश्माने पट्टा बांधला, मोजलं, पुन्हा मोजलं. वरचा आकडा एकशे नव्वद. बाई म्हणतात, "मशीन बिघडलं असेल." तेच मशीन मी रेश्माला लावायला सांगितलं. तिचा आकडा चांगला आला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना मिरजेला नेलं. गोळ्या मिळाल्या. आठवड्यात त्यांनी सोडल्या, "आता बरं वाटतंय" म्हणून! लोकांना असं म्हणू न देणाऱ्या बाई या. वर मला म्हणाल्या, "सत्कार होईपर्यंत कुणाला सांगू नका." म्हणून मी छापूनच सांगते आहे.

बाई, शंभर वर्षं जगा असं या अंकात सगळेच लिहितील. लिहायला काय जातंय? मलाही तुम्ही लय दिवस, धडधाकट हव्या आहात, पण मला येतं ते नाव पुकारायला. रेश्माने तुमचं कार्ड केलं आहे. यापुढे दर मंगळवारी पहिलं नाव तुमचं. समितीने मधे बोलायचं नाही, "बाई बऱ्या हायत" असं रेश्मानेही म्हणायचं नाही. ओ तुम्हीच द्यायची.