नावाड्याची तळटीप

बारामतीच्या कॉलेजात मी एम.ए.च्या मुलांचे प्रकल्प तपासते. विभागात माझी ख्याती चांगली नाही. मुलं म्हणतात, मॅडम मजकूर नंतर वाचतात, आधी संदर्भसूची वाचतात. हे खरं आहे. एकदा एका मुलाने सूचीत टाकलेलं पुस्तक मी तीन ग्रंथालयांत शोधलं. नंतर कळलं की असं पुस्तक कुणी लिहिलेलंच नाही, मोबाईलवरच्या एआयने त्याला ते सुचवलं होतं. तेव्हापासून ज्याची भाषा नीट, त्याच्यावर माझा संशय जास्त.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक विद्यार्थिनी होती. तिशीतली, लग्न झालेली. लोणी देवकरच्या एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला होती आणि शिफ्ट सांभाळून शिकत होती. राहायला इंदापूरला, माहेर नरसिंहपूर. नीरा आणि भीमेच्या संगमावर पूर्वी जी होडी चालायची, तिच्यावर आणि ती चालवणाऱ्यांवर तिने प्रकल्प घेतला होता. बोलताना ती माझ्याकडे बघायची नाही, टेबलाच्या कडेकडे बघायची. माझ्यासारख्या माणसाला संशयाला एवढंही पुरतं.

पहिला मसुदा आला तो फार चांगला होता. त्यातला एक परिच्छेद मी दोनदा वाचला. नावाडी पाणी कसं वाचतो, याबद्दल होता. नीरेचं पाणी आणि भीमेचं पाणी संगमात लगेच मिसळत नाही, काही अंतर दोन रंग शेजारी शेजारी चालतात. त्या दोन रंगांमधल्या रेघेवर होडी घ्यायची नाही, कारण रेघेखाली दगडाचा दात आहे. खाली तळटीप होती: ‘प्रत्यक्ष मुलाखत, नावाडी, वय अंदाजे ऐंशी, नरसिंहपूर.’

हे पॅकिंगला जाणाऱ्या बाईने लिहिलं असेल असं मला वाटलं नाही. आज हे वाक्य लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटलं ते असंच. मजकूर चोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घातला. अहवाल स्वच्छ आला. तरी मनातून जाईना.

पंधरा दिवसांनी विभागातलं कपाट आवरताना एक जुनी स्मरणिका हाती लागली. त्याच भागातल्या एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची. कुणीतरी विभागाला भेट दिलेली, कुणी न उघडलेली. सहज चाळली. एका निवृत्त गुरुजींचा लेख होता, संगमावरच्या होडीवर. तोच परिच्छेद. दोन रंगांचं पाणी, मधली रेघ, तेच शब्द, त्याच क्रमाने. फरक एकच. स्मरणिकेत ‘दगडाचा हात’ होतं, हिच्याकडे ‘दगडाचा दात’. चोरी लपवायला एक अक्षर बदललं, असा अर्थ मी लावला. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. आपण चुकलो नव्हतो, याचं ते समाधान होतं.

तिला बोलावलं. दोन्ही पानं समोर ठेवली.

“हे काय आहे?”

तिने वाचलं. पुन्हा वाचलं. “मॅडम, ही स्मरणिका मी बघितलेली नाही.”

“मग शब्द सारखे कसे?”

“मला नाही सांगता येणार. मी आबांकडून लिहून घेतलंय. तळटीपेतले नावाडी तेच.”

“रेकॉर्डिंग आहे?”

“होतं. मोबाईल बिघडला, तो देऊन दुसरा घेतला. त्यातलं काहीच निघालं न्हाई.” एरवी माझ्यासमोर ती ‘नाही’ म्हणायची.

अशी उत्तरं मी पुष्कळ ऐकली आहेत. मोबाईल बिघडतो, पेन ड्राईव्ह हरवतो, घरात पाहुणे येतात. मी म्हटलं, “परिच्छेद काढून टाक, नाहीतर स्मरणिकेचा संदर्भ दे. तेवढ्यावर मी विषय मिटवते.”

तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. “काढणार नाही. आबा अजून हायेत. तुम्ही चला आणि विचारा त्यांना.”

माझ्या नोकरीत हे असं कुणी म्हटलेलं नव्हतं. मी रविवार ठरवला, आणि मुद्दाम तिला शनिवारपर्यंत कळवलं नाही. आबांना शिकवून ठेवायला वेळ मिळू नये म्हणून.

इंदापूरच्या स्टँडवर ती उभी होती. रात्रपाळी करून थेट आली होती. पुढच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो आणि नरसिंहपूर येईपर्यंत फारसं बोललो नाही. एकदा तिचा फोन वाजला. ती हळू आवाजात “व्हय, येतोय” एवढंच म्हणाली. आबांना तयार राहायला सांगते आहे, असं माझ्या मनात आलंच.

आबा म्हणजे तिच्या वडिलांचे चुलते. अंगणात बाजेवर बसले होते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, पण आवाज खणखणीत. नातीने माझी ओळख करून दिली, “आबा, ह्या आमच्या मॅडम. होडीचं ऐकायला आल्यात.”

“ऐका की,” आबा म्हणाले, आणि सुरू झाले.

मी स्मरणिकेचं पान मांडीवर उघडं ठेवून ऐकत होते. शब्दाला शब्द जुळत गेला. दोन रंगांचं पाणी. मधली रेघ. रेघेवर होडी घ्यायची न्हाय. माझा संशय आता त्यांच्याकडे वळला. कुणीतरी हे छापील पान त्यांना वाचून दाखवलं असणार आणि त्यांनी पाठ केलं असणार. म्हणून मी मधेच तोडलं. भलतेच प्रश्न विचारले. होडीत बैल चढवायचे का? आधी माणसं की आधी बैल? पाणी वाढलं की होडी कुठे बांधायची? आबा न अडखळता सांगत गेले. लेखात यातलं काही नव्हतं. मग मी म्हटलं, “ते पाण्याचं परत सांगता?” त्यांनी परत सांगितलं. तसंच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी नातीकडे बघितलं.

“बाई, तुमी पोलिसातनं आलाय का?”

“नाही आबा. सगळ्या वेळी अगदी सारखंच कसं सांगता, एवढंच बघत होते.”

“सारखंच सांगायचं असतंय. माझ्या बापानं मला असंच सांगितलं. एक शबुद चुकला तर हितं माणसं बुडत्यात.”

मी पान पुढे केलं. “इथे दगडाचा हात लिहिलंय.”

“हात कशाचा? दगडाला हात असतोय व्हय? दात. खालनं वर आलेला. होडीची फळी धरतोय तो.” त्यांनी उजव्या हाताच्या दोन बोटांनी डाव्या तळव्याला चिमटा काढून दाखवला.

मग मी तो सगळा लेख त्यांना वाचून दाखवला. त्यांनी मान हलवत ऐकलं. संपल्यावर म्हणाले, “हे माझंच हाय. गुरुजी आलते मागं. हितंच बसून वहीत लिवून घेतलं, चहा पिऊन गेले. पर हे छापल्यालं मला कुनी दावलं न्हाय. माझं नाव कुठं हाय त्यात?”

मी शोधलं. लेखात एकच वाक्य होतं, ‘असे गावातील जुनेजाणते सांगतात.’ ते वाचून दाखवलं.

“जुनेजाणते कोन?” आबांनी विचारलं. “मी येकटाच बोललो हुतो.”

मी स्मरणिका मिटली. नात उठून पाणी आणायला आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

निघताना मी त्यांना विचारलं, प्रकल्पात नाव घालायचं तर कसं घालू. त्यांनी आपलं नाव सांगितलं, मग म्हणाले, “आदी बापाचं लिवा. इद्या त्याची. मग माझं.” मी तिथेच लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. त्यांनी बापाच्या नावातला एक उच्चार दुरुस्त केला, ऱ्हस्व-दीर्घ सांगावा तसा.

आबांच्या घरून पत्ता घेऊन परतताना इंदापूरला त्या निवृत्त गुरुजींच्या घरी गेलो. नातीला यायचं नव्हतं, मीच नेलं. गुरुजींनी दार अर्धंच उघडलं. मी कोण, कुठल्या कॉलेजची, कुणी पाठवलं, सगळं विचारून घेतलं. मग आत बसवलं.

“तक्रार आहे का कुणाची?” त्यांनी पहिलं हेच विचारलं.

“तक्रार नाही. संदर्भ तपासतेय.”

“मॅडम, शाळेची स्मरणिका ती. तिथे कोण संदर्भ देतं? त्यांनी सांगितलं, लिहिलं मी.” मग म्हणाले, “नाव होतं माझ्या लेखात. छापताना राहिलं.”

“हस्तलिखित आहे?”

ते आतल्या खोलीत गेले आणि एक वही घेऊन आले. पानाच्या वर कोपऱ्यात आबांचं नाव होतं, निळ्या शाईत. खालचा मजकूर काळ्या शाईत. ‘दात’ नीट लिहिलेला होता, ‘हात’ ही छपाईची चूक. पण नावाची शाई वेगळी का, हे मी विचारलं नाही. मुलाखतीच्या दिवशी लिहिलं असेल, आम्ही येण्याआधी आबांच्या घरून फोन आल्यावरही लिहिलं असेल. आजही मला ठरवता येत नाही.

बाहेर पडल्यावर ती म्हणाली, “नाव नंतर घातलंय.”

“कशावरून?”

“कशावरूनच नाही. तुम्ही माझ्याबद्दल म्हणालात तसंच.”

मी तिची माफी मागितली. रस्त्यात उभं राहून, जशी जमली तशी. ती म्हणाली, “राहू द्या मॅडम.” तिला घरी जाऊन झोपायचं होतं, दुसऱ्या दिवशी पहाटेपासून पाळी बदलणार होती.

प्रकल्पात तळटीप नवी झाली. आधी आबांच्या वडिलांचं नाव, परंपरेने आलेली माहिती म्हणून. मग आबांचं, मुलाखतीच्या तारखेसह. मग स्मरणिकेतल्या लेखाचा उल्लेख, आणि ‘हात’ हा मुद्रणदोष असल्याची नोंद. हे शेवटचं तिने स्वतः घातलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच पान काढलं आणि विचारलं, हे छापून आलेलं असताना तुम्ही मुलाखतीला आधी का ठेवता? मी मधे बोलणार होते. ती माझ्याआधी बोलली. “सर, छापलं नंतर. बोलले आधी.” परीक्षकांनी मान डोलावली आणि पान उलटलं.

गुण चांगले मिळाले. प्रकल्पाची एक प्रत तिने आबांना नेऊन दिली. आबांनी आपलं पान कुठलं ते विचारून तिथे दोरा घालून ठेवला, असं तिने मला फोनवर सांगितलं. तो तिचा शेवटचा फोन.

गेल्या वर्षी ती पीएच.डी.ला लागली. विषय नदीकाठचाच आहे. विभागाच्या फलकावर यादी लागली, त्यात मार्गदर्शकाच्या रकान्यात माझ्या सहकाऱ्याचं नाव होतं. माझ्याकडे जागा रिकामी होती आणि हे तिला माहीत होतं. सहकारी म्हणाले, “बाई हुशार आहे. पण एक सवय आहे, प्रत्येक मुलाखतीचं रेकॉर्डिंग तीन ठिकाणी ठेवते. कशाला म्हणून विचारलं तर काही बोलत नाही.”