फूटपट्टीची परीक्षा

बुधवार, १४ मे. उकाडा कालच्यासारखाच. फूटपट्टी सकाळीच परीक्षेला गेली, ड्रॉइंगचा शेवटचा पेपर. वहिनी कामावर. भावाने न्याहारी नीट केली, औषध थुंकलं नाही. जिन्यातला दिवा अजून बंदच. पोर दुपारी परत आली ती चप्पल न काढता मोरीत गेली आणि कितीतरी वेळ तोंड धूत राहिली.

फूटपट्टी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. उंच, सडसडीत, आणि लहानपणापासून भिंतीवरचं कॅलेंडर वाकडं दिसलं की सरळ केल्याशिवाय पुढे न जाणारी, म्हणून सगळ्या इमारतीने तिला हे नाव दिलं. भावाने उभा जन्म कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात यंत्रांचे आराखडे काढण्यात घालवला. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाने त्याची उजवी बाजू गेली आणि वाचाही जवळजवळ गेली. कारखान्याने सांगितलं, मुलगी ड्राफ्टिंगचं प्रमाणपत्र घेऊन आली तर वडिलांच्या जागेवर घेऊ, पण यंदाच्या जूनपर्यंतच. झेरॉक्सच्या दुकानातली नोकरी सोडून ती व्यवसाय शिक्षणाच्या कॉलेजात जाऊ लागली.

वर्गातली सगळी पोरं तिच्याहून लहान. पहिल्या आठवड्यात तिला ‘काकू’ म्हणत. तिच्या पेन्सिलींची टोकं पाहिली तशी ‘ताई’ म्हणू लागली.

“काही मागायचं असलं की ताई गं, आत्या,” ती हसून सांगायची. “एरवी काकूच.”

संध्याकाळी ती ड्रॉइंगचा बोर्ड बापाच्या खाटेशेजारी टेबलावर टेकवायची, कागदाचे चारही कोपरे चिकटपट्टीने डकवायची आणि दिवसाचा अभ्यास काढायची. भाऊ डाव्या हाताचं बोट रेघेवरून फिरवायचा. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडणारा माणूस, पण तेवढा वेळ उठून बसायचा.

तिथेच घोटाळा झाला. मला त्यातलं एवढंच कळतं की वस्तू समोरून कशी दिसते त्याचं एक चित्र काढतात आणि वरून कशी दिसते त्याचं दुसरं, त्याला प्लॅन म्हणतात. हा प्लॅन पहिल्या चित्राच्या खाली काढायचा की वर, याच्या दोन पद्धती आहेत. कॉलेजात खाली. भावाच्या कारखान्यात वर, कारण त्यांची गिऱ्हाइकं तसं मागत. धडधाकट असताना त्याला दोन्ही येत होत्या. आजारानंतर एकच उरली. प्लॅन खाली दिसला की त्याचं बोट कागदावर आपटायचं, “चूक, चूक,” आणि मग डोळ्यांतून धारा लागायच्या. समजावायला जावं तर आणखी रडायचा.

“काढ ना त्यांना हवं तसं,” वहिनी म्हणाली. “कागदावर वर असलं काय नि खाली असलं काय, यंत्र थोडंच बिघडतंय?”

“आई, बिघडतं!”

“बरं बाई, बिघडतं. मग घरी त्यांचं, कॉलेजात कॉलेजचं. सासरी एक नि माहेरी एक, आम्ही जन्मभर करतोच की. काय हो वन्सं?”

मी मान डोलावली. पोरीची अवस्था इकडे आड तिकडे विहीर. तरी तिने ते निभावलं, आणि कॉलेजात एकदाही चुकली नाही.

आज चुकली. मोरीतून बाहेर आल्यावर माझ्यासमोर जमिनीवरच बसली आणि हळू आवाजात सांगू लागली, आतल्या खोलीत ऐकू जाऊ नये म्हणून.

“बेअरिंगचा ठोकळा आला होता, आत्या. मला पाठ आहे तो. हात असा चालला, असा चालला, की मला वाटलं बाबा शेजारीच बसलेत.”

“मग?”

“कोपऱ्यात पद्धतीची खूण काढायची असते, ती मी शेवटी काढते. ती कॉलेजची काढली. मग मान वर करून कागद पाहिला, तर प्लॅन वर.”

“खोडता नाही आलं?”

“सगळ्या रेघा गडद करून झाल्या होत्या गं. खोडून पुन्हा काढायला अर्धा दिवस लागतो. चौकट पुरी केली, नंबर घातला आणि देऊन टाकला.”

ड्रॉइंगच्या बाई वर्गावर देखरेखीला होत्या. त्यांना लांबूनच दिसलं होतं, पण बाहेरचे परीक्षक समोर बसलेले, बोलणार कशा? बाहेर आल्यावर त्यांनी हिचा दंड धरला. “अगं, तीनदा खोकले मी तुझ्यामागे!”

“आणि मी काय केलं ठाऊक आहे, आत्या? मला वाटलं बाईंना ठसका लागला. मी पाण्याची बाटली पुढे केली.”

तिला हसू फुटलं, मलाही फुटलं, आणि मग ती माझा पदर धरून रडली. चुकीच्या पद्धतीच्या कागदाला गुण नाहीत, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. पुढची परीक्षा नोव्हेंबरात.

मी कारखान्यात फोन लावला. तिथला अधिकारी भावाच्या हाताखाली शिकलेला, बोलायला गोड. “मावशी, माझ्या हातात असतं तर आजच सही केली असती,” तो म्हणाला. “पण जून म्हणजे जून. यादीत पुढचं नाव आहे.” मी आभार मानून फोन ठेवला. आणखी काय करणार?

तेवढ्यात आत भांडं आपटल्याचा आवाज आला. भाऊ वाट बघत होता. ती डोळे पुसून गेली, मागोमाग मी.

“बाबा, बेअरिंगचा ठोकळा आला होता.”

“प्लॅन?” त्याचे ओठ कष्टाने हलले. “कु... कुठे?”

तिने माझ्याकडे पाहिलं.

“वर काढला, बाबा.”

त्याचा अर्धा चेहरा हसला. डावा हात उचलून त्याने तिच्या पाठीवर थोपटलं. “शाब्बास,” हा शब्द त्याच्या तोंडून आजारानंतर पहिल्यांदा ऐकला. दारात वहिनी उभी होती, पिशवी अजून खांद्यालाच. तिने मुलीचा चेहरा पाहिला, तिला सगळं कळलं, आणि ती तशीच स्वयंपाकघरात गेली.

भावाने बोट बोर्डाकडे केलं. त्याला तो ठोकळा बघायचा होता. पोरीने नवा कागद डकवला, पेन्सिलीला टोक काढलं आणि पुन्हा पहिल्यापासून काढायला बसली, प्लॅन वर ठेवून. तो खूष होऊन रेघेमागून रेघ बघत राहिला. तिला थांब म्हणायचं की त्याला खरं सांगायचं, मला ठरवता येईना. मी दिव्याची मान तिच्या कागदाकडे वळवली आणि बाहेर आले.

संध्याकाळी रोजनिशीत शेवटी एवढंच लिहिलं: गॅसची टाकी संपली, दुसरी लावली.