मापाचा ब्लाउज

डिचोलीच्या बाजारात ती ब्लाउज शिवते. टाचण्या ओठांत धरूनच प्रत्येकीला विचारते, "मापाचो ब्लाउज हाडला मगो?" नीट बसणारा जुना ब्लाउज पाहिल्याशिवाय ती कापडाला कात्री लावत नाही.

स्तन मोठे करण्याची शस्त्रक्रिया तिने करून घेतली आणि ती बिघडली. डावीकडचं इम्प्लांट कडक होऊन वर सरकलं. स्वतःच्या ब्लाउजांची बेतणी बदलून तिने ते झाकलं. पण मी तिच्या दुकानात गेले की वरच्या फळीवरचे तागे ती मलाच काढायला सांगू लागली, तेव्हा मी विचारलं. मग म्हणाली, "वयनी, पणजेक म्हज्यावांगडा येशात? तुमी सगळें बरें विचारतात."

मी तिच्यासोबत पणजीला गेले. तिथल्या नव्या डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. लहान इम्प्लांट घातलं तर ते पुन्हा कडक होऊ शकतं. दोन्ही काढली तर कातडी सैल पडेल, व्रण राहतील. मी पुढचा प्रश्न विचारणार, तोच तिने पिशवीतून एक विटका ब्लाउज काढून टेबलावर पसरला. शस्त्रक्रियेआधीचा.

"दोतोर, ह्या मापाचें करात."

"अगदी पहिल्यासारखं नाही होणार."

"उसयतना कापड थोडें फाटताच, म्हाका खबर आसा. पूण हात वयर वचूंक जाय." तिने डावा हात उचलून दाखवला; तो खांद्याच्या वर जात नव्हता.

दोन्ही इम्प्लांट काढून झाल्यावर, चतुर्थीच्या आधी मी दुकानात गेले. वरच्या फळीवरचा अस्तराचा तागा तिने स्वतःच ओढून काढला. अंगात तोच विटका ब्लाउज होता. तो पुढून थोडा सैल पडत होता, पण तिने तो आत घेतला नव्हता.